उपवासकाळातला हॅलेलुया

मार्चमधली सकाळ होती, ऊन अजून अंगावर यायला लागलं नव्हतं, खिडक्या सताड उघड्या, मी ओट्यापाशी भिजवलेले वाल सोलत उभी होते आणि स्पीकरवर हँडलचा ‘मेसाया’ चालू होता, म्हणजे गायक, कॉयर आणि वाद्यं मिळून येशूची कथा सांगणारा, तीन भागांचा ऑरेटोरिओ. दुसरा भाग संपत आला, त्यातला हॅलेलुयाचा कोरस सुरू झाला, आणि तो सुरू झाला की आवाज वाढवायचा ही माझी जुनी सवय, तसा वाढवला. खालून वाडीच्या वाटेने शेजारच्या मावशी चर्चमधल्या सकाळच्या मिस्साहून परत येत होत्या, त्या थांबल्या, वर बघितलं आणि अगदी सहज, दूध उतू जातंय गं असं सांगावं तशा सुरात म्हणाल्या, ‘बाय, आता आलेलुया नाय लावायचं, उपवासकाळ चालूए ना. ईस्टरला लाव.’ आणि गेल्या. रागावल्या वगैरे अजिबात नव्हत्या. मी खिडकीतून ‘हो मावशी’ म्हणाले, आवाज कमी केला, आणि मग कमी केला म्हणून स्वतःवरच जरा वैतागले, कारण मी कुठे ख्रिश्चन आहे, आणि माझ्या घरात मी कधी काय ऐकायचं हे राखेच्या बुधवारावरून का ठरावं?

पण ते वाक्य डोक्यातून जाईना. वसईत राहायला आल्यापासून मला एवढं माहिती झालंय की राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, म्हणजे उपवासकाळभर, मिस्सात आलेलुया, म्हणजे तोच हॅलेलुया, म्हणत नाहीत. शब्दच ठेवून देतात. चाळीस दिवसांच्या वर तो शब्द कुणाच्या तोंडी येत नाही, आणि मग शनिवारी रात्री चर्चमधले दिवे बंद, बाहेर जाळ पेटवलेला, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या हातातल्या बारक्या मेणबत्त्या, भरपूर वाचनं, लहान मुलं पेंगतायत, आणि मग एकदम घंटा आणि थोड्या वेळाने तो शब्द. मी एकदा मावशींबरोबर गेले होते त्या रात्री. त्या चर्चच्या कॉयरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गातात, पन्नाशी कधीच ओलांडली तरी आवाज खणखणीत आहे. तो शब्द परत आला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मला कुठल्याही रेकॉर्डिंगने दिलेलं नाही, आणि मी रेकॉर्डिंगं काही कमी ऐकलेली नाहीत. माझ्याकडे तो शब्द नळासारखा आहे, फिरवला की येतो. मला वाईट वाटलं ते याचं बहुतेक. नक्की माहीत नाही.

तर ते रेकॉर्डिंग. जॉन नेल्सन कंडक्टर, द इंग्लिश कॉन्सर्ट हे जुन्या पद्धतीची वाद्यं वाजवणारं मंडळ आणि त्यांचाच कॉयर, 2022 साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री कॅथेड्रलमध्ये झालेलं आणि पुढच्या वर्षी एराटो या लेबलवर आलेलं. गायक चार, वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत: सोप्रानो लुसी क्रो, काउंटरटेनर अ‍ॅलेक्स पॉटर, टेनर मायकेल स्पायर्स, बास मॅथ्यू ब्रुक. आता नवीन म्हणावं का त्याला, माहीत नाही, पण ‘मेसाया’च्या बाबतीत दोन-चार वर्षं म्हणजे काहीच नाही, दरवर्षी एखादं तरी येतंच. मी ज्याच्यावर वाढले ते याच मंडळाचं, ट्रेव्हर पिनॉकने 1988 साली केलेलं, कॉलेजातल्या एका मैत्रिणीच्या भावाने कॅसेटवर भरून दिलेलं. ती कॅसेट इतक्या वेळा वाजली की एका ठिकाणी टेप चुरगळून ट्रम्पेट रडल्यासारखं यायचं आणि मला बरीच वर्षं वाटायचं की ते तसंच आहे. त्यामुळे तेच मंडळ, दुसरा माणूस, दुसरी जागा म्हटल्यावर ऐकणं भागच होतं.

जागेचा मुद्दा मला सगळ्यात जास्त छळतो. कारण हे काम चर्चसाठी लिहिलेलंच नाही. चार्ल्स जेनेन्सने बायबलमधली वचनं निवडून ओळीने लावून दिली, हँडलने 1741 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चोवीस दिवसांत सगळं लिहून काढलं, आणि पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 ला डब्लिनमधल्या फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या म्युझिक हॉलमध्ये झाला. हॉल. तिकीट काढून. सातशे माणसं बसावीत म्हणून आधी पेपरात विनंती छापली होती की बायकांनी घागऱ्याखालचे कड्यांचे सांगाडे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, मला हे फार आवडतं, म्हणजे देवाच्या गाण्याला येताना कमीत कमी जागा व्यापा. पैसे गेले दोन हॉस्पिटलांना आणि कर्जापायी तुरुंगात पडलेल्यांना, 142 माणसं सुटली त्यातून. पण त्याच्या आधी काय झालं होतं, तर डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य पाद्री, होता जोनाथन स्विफ्ट, हो तोच गलिव्हरवाला, आणि त्याने आपल्या कॅथेड्रलच्या गायकांना त्या फिडलवाल्यांच्या कोंडाळ्यात जाऊन गायला साफ बंदी केली होती. म्हातारपणी डोकं फिरत चाललं होतं त्याचं, नंतर परवानगी मिळाली, पण बंदीमागचा प्रश्न काही वेड्याचा नव्हता. लंडनमध्ये तर जास्तच झालं. 1743 च्या मार्चमध्ये कॉव्हेंट गार्डन थिएटरात करायचं ठरलं तेव्हा पेपरात पत्र आलं की नाटकाचं थिएटर ही काय देवाचं वचन गायची जागा आहे का आणि नटनट्या काय ते गाणार. हँडलने शेवटी जाहिरातीत ‘मेसाया’ हे नावच टाकलं नाही, नुसतं ‘एक नवा पवित्र ऑरेटोरिओ’ असं छापलं.

आपल्याला हे हसण्यासारखं वाटतं, पण नीट बघितलं तर नाही. भीमसेनजींची संतवाणी आपण नाट्यगृहात तिकीट काढून, मध्यंतरात बटाटेवडा खाऊन ऐकलीच की, आणि ज्यांनी तेच अभंग आषाढीच्या वाटेवर पाय सुजवून म्हटलेत त्यांना त्याबद्दल काय वाटायचं हे आपण कधी विचारलं नाही. माझ्या आजोबांना वाटायचं काहीतरी, ते कार्यक्रमाला यायचे, मागे बसायचे, मन लावून ऐकायचे आणि टाळ्या मात्र वाजवायचे नाहीत. मी लहान होते, मला ते खडूसपणाचं वाटायचं.

आणि गंमत बघा, लंडनचा तो प्रयोग झाला तोच मुळी उपवासकाळात!

डब्लिनचा तर अगदी पवित्र आठवड्यातला, ईस्टरच्या आधीचा मंगळवार. हँडलच्या ऑरेटोरिओचा सीझनच लेंटचा, याच उपवासकाळाचा, असायचा, म्हणजे मावशींच्या हिशेबाने बघायचं तर त्याने पहिल्या दिवसापासून हॅलेलुया चुकीच्याच वेळी वाजवला. हे मला आठवल्यावर मी थोडी खूष झाले, मावशींना सांगावं असं वाटलं, पण ती खुशी फार टिकली नाही कारण हे उत्तर बरोबर असलं तरी त्यांच्या बोलण्याचं उत्तर नव्हतं. ते लोक प्रॉटेस्टंट, तिथला रिवाज वेगळा. मावशी रिवाजाचा इतिहास विचारत नव्हत्या, त्यांनी चाळीस दिवस जपून ठेवलेली गोष्ट मी भाजी करताना खिडकीतून उधळत होते, एवढंच होतं ते.

पवित्र आणि ऐहिक यांच्यातली रेघ हँडलने स्वतः किती पाळली हेही बघण्यासारखं आहे. ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’, पहिल्या भागातला तो बाळाच्या जन्माचा कोरस, ज्यात सगळे आवाज एकमेकांच्या मागे खेळत पळतात, ती मूळ चाल त्याने काहीच आठवडे आधी, 1741 च्याच जुलैत, एका इटालियन प्रेमगीतासाठी केलेली होती. दोन आवाजांचं गाणं आहे ते, प्रेमावर चिडलेलं, जा मी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही अशा अर्थाचं. तीच चाल उचलून इथे लावली, आणि एक-दोन नाही, त्याच सुमाराच्या दोन प्रेमगीतांमधून ‘मेसाया’चे चार कोरस निघालेत. मला हे कळल्यापासून तो कोरस ऐकताना मागे कुठेतरी रुसलेली बाई दिसते आणि खरं सांगू का, त्याने काही बिघडत नाही, उलट बाळाच्या कौतुकात जो एक लाडीकपणा लागतो तो तिथूनच आला असणार.

नेल्सनच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका हा कोरस मला थोडा कमी पडतो. कॅथेड्रल मोठं, दगडी, आवाज गेला की लगेच परत येत नाही, वर जाऊन फिरून येतो, आणि ते बारीक बारीक सुरांचे पळते तुकडे त्यात किंचित पुसले जातात. हेडफोन लावून ऐकलं तर कमी जाणवतं, ओट्यावरच्या स्पीकरवर जास्त. पिनॉकच्या त्या कॅसेटमध्ये प्रत्येक सूर चिमटीत पकडता यायचा. पण मग तिसऱ्या भागात ‘सिन्स बाय मॅन केम डेथ’ येतो, तिथे वाद्यं पूर्ण थांबतात, नुसता कॉयर, हळू, दबका, माणसामुळे मरण आलं म्हणतो, आणि तिथे ते दगड कामाला येतात. वाद्यांचा आधार काढून घेतलाय आणि तरी आवाज पडत नाही, भिंती धरून ठेवतात त्याला. मग एकदम सगळी वाद्यं आत येतात. हे मी परत परत लावलं. नवऱ्याने विचारलं की अडकलंय का काही.

आणि ते दगड काही असेतसे नाहीत. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री भाजून काढलं त्यात जुनं कॅथेड्रल जळालं, भिंती आणि मनोरा तेवढे राहिले. ते अवशेष तसेच उघड्यावर ठेवून बाजूला बेसिल स्पेन्स या आर्किटेक्टने नवीन बांधलं, 1962 च्या मे महिन्यात ते उघडलं आणि त्याच आठवड्यात बेंजामिन ब्रिटन या संगीतकाराचं, युद्धात मेलेल्यांसाठीचं ‘वॉर रेक्वियम’ तिथे पहिल्यांदा झालं. म्हणजे ही वास्तू संगीतातूनच जन्माला आली म्हणा ना. त्याला साठ वर्षं झाली त्या वर्षी तिथे हे गाणं, हाले गावात जन्मलेल्या, 1727 मध्ये इंग्लंडचा नागरिक झालेल्या एका जर्मन माणसाचं. मी या गोष्टीचं फार काही करत नाही, ब्लॉगवाल्यांना असल्या योगायोगांचा मोह असतो आणि मलाही आहे. पण स्पायर्स जेव्हा पहिलंच ‘कम्फर्ट यी’ गातो, मायनर या उदास पट्टीतली ती कोरडी सुरावट संपून मेजर या उजळ पट्टीत दार उघडल्यासारखं होतं आणि तो, ज्याचा टेनर खाली बॅरिटोनपर्यंत सहज उतरतो, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवल्यासारखा ‘धीर धरा’ म्हणतो, तेव्हा ती जळकी भिंत शेजारी आहे हे मला विसरता येत नाही. माहिती नसती तर ऐकू आलं असतं का ते? बहुतेक नाही. मग मी गाणं ऐकतेय की माहिती, हा प्रश्न उरतोच.

ट्रम्पेटबद्दल एक सांगायचंय. आपल्याला ‘मेसाया’ म्हटलं की ट्रम्पेट आणि ढोल आठवतात पण पूर्ण कामात ते कितीसे आहेत बघा. ट्रम्पेट पहिल्यांदा येतात ते देवदूतांच्या कोरसला, आणि तिथे हँडलने लिहून ठेवलंय की लांबून आणि जरा हळू वाजवा. मग जे गप्प होतात ते थेट हॅलेलुयाला. ढोल तर तोपर्यंत एकदाही नाही. दीड तासाच्या वर तो ढोलवाला बसून आहे. म्हणजे हॅलेलुयाचा जो धक्का आहे तो वाट बघण्यातून आलेला आहे, आणि मी तो सुटा काढून रिंगटोनसारखा वाजवते तेव्हा मला त्यातला फक्त गोंगाट मिळतो. हे लिहिताना माझ्या लक्षात येतंय की मावशी बोलल्या ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं, फक्त त्यांचा दुसरा भाग चाळीस दिवसांचा असतो.

मुंबईत एका डिसेंबरात, दक्षिणेकडच्या एका हॉलमध्ये, हॅलेलुया सुरू झाल्याबरोबर सगळं सभागृह उठून उभं राहिलं होतं. पारशी म्हाताऱ्या, वांद्र्याची कुटुंबं, आमच्यासारखे उगाच आलेले, सगळे. राजा दुसरा जॉर्ज उभा राहिला म्हणून तेव्हापासून लोक उभे राहतात असं सांगतात, पण त्या वेळचा कुणीच ते लिहून ठेवलेलं नाही, पहिला उल्लेख येतो तो लंडनच्या त्या प्रयोगानंतर सदतीस वर्षांनी एका पत्रात, ऐकीव. मी उभी राहिले कारण पुढचा माणूस उभा राहिला आणि मला दिसेना. पण उभी राहिल्यावर अंगावर काटा आला तो खराच होता. आता हा काटा कुणाचा? माझा तर विश्वास नाही, निदान त्या कथेवर नाही, त्या रात्री माझ्या डाव्या हाताच्या बाईच्या डोळ्यातून पाणी येत होतं आणि माझ्याही येत होतं आणि दोन्हीला कारण एकच होतं असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

मावशींना मी शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरंच गाणं पाठवलं, ‘ही वॉज डिस्पाइज्ड’. गुड फ्रायडे जवळ आला होता, म्हटलं हे तरी चालेल. तुच्छ मानलेला, लोकांनी टाकलेला माणूस, असं ते गाणं. डब्लिनला हे सुझाना सिबर नावाच्या नटीने गायलं होतं. आवाज बेताचा, आणि लंडनमध्ये तिच्या नवऱ्याने तिच्या प्रियकरावर कोर्टात केस करून तिचं खाजगी आयुष्य चव्हाट्यावर आणलेलं, त्यातून पळून ती डब्लिनला आलेली. तिने हे गायलं आणि डिलेनी नावाचे एक पाद्री भर सभेत उठून ओरडले म्हणे, बाई, एवढ्यासाठी तुझी सगळी पापं माफ होवोत. मला ते पाद्रीबुवा थोडे आगाऊच वाटतात, पण तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार की टाकलेली म्हणजे काय हे तिला शिकवायला नको. नेल्सनकडे हे अ‍ॅलेक्स पॉटर गातो. काउंटरटेनर, म्हणजे पुरुष, बायकांच्या पट्टीत. त्याच्या गाण्यात दुखऱ्या जागी हुंदका नाही, सजावट नाही, तो शब्द टाकतो आणि थांबतो, व्हायोलिनं तेवढाच उसासा परत देतात, मग पुढचा शब्द. मला आधी हे फारच कोरडं वाटलं होतं. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं की तो रडत नाही कारण तो साक्षीदार आहे.

मावशींचा रिप्लाय आला संध्याकाळी. ‘बाई गाते की बापया?’ मी लिहिलं बापया. मग बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं आणि आलं, ‘बरं गातो. लांब आहे पण.’

लांब आहेच. पूर्ण गायलं, म्हणजे मधला येशूच्या पाठीवरच्या फटक्यांचा भाग आणि मग पहिला भाग परत, तर दहा मिनिटांच्या वर जातं, कितीतरी जण मधलं कापतात. पण मावशींच्या घरी लांब या गोष्टीचं वावडं नाही खरं तर. त्यांच्या चुलत्यांकडे क्रिस्तपुराणाची जुनी प्रत आहे, फादर स्टीफन्सची, 1616 साली गोव्यात रायतूरला छापलेल्या त्या ग्रंथाची खूप नंतरची आवृत्ती. म्हातारे ते उपवासकाळात थोडं थोडं वाचतात, ओवीच्या चालीत. स्टीफन्स इंग्रज होता, आणि जेनेन्सने जे केलं तेच त्याने सव्वाशे वर्षं आधी आपल्या भाषेत केलं होतं, आधी जुन्या करारातली वाट पाहणं, मग तारणाऱ्याची कथा. फरक इतकाच की ते वाचायला थिएटर लागलं नाही आणि त्याबद्दल पेपरात पत्रंही आली नाहीत. एकदा त्यांच्या पडवीत बसून ऐकलंय मी, कळत होतं निम्मं, बाहेर मोगऱ्याच्या कळ्या खुडणं चालू होतं, मध्येच कुणीतरी पंपाची वेळ झाली म्हणून उठून गेलं. कुणी कुणाला शांत बसा म्हटलं नाही. कॉव्हेंट्रीमध्ये खोकला आवरून बसलेल्या लोकांपेक्षा हे जास्त पवित्र होतं असं मी म्हणणार नाही, मला तसलं बोलणं आवडत नाही. पण सोपं होतं एवढं नक्की.

नेल्सन गेला आता, 2025 च्या मार्चअखेर, 83 वर्षांचा होऊन. कोस्टा रिकात मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला, आयुष्यभर बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराच्या कामांसाठी नावाजलेला, आणि धार्मिक संगीत नव्याने लिहून घेण्यासाठी सोली देओ ग्लोरिया नावाची संस्था उभी करणारा. ‘फक्त देवाच्या गौरवासाठी’, आणि याचीच तीन आद्याक्षरं हँडलने ‘मेसाया’च्या हस्तलिखिताच्या शेवटी लिहून ठेवलीत. म्हणजे या माणसाचा विश्वास होता, आणि तो ऐंशीव्या वर्षी हे करत होता. त्याची लय वयस्कर नाही, तरतरीत आहे, पण कुठेही काही सिद्ध करायची घाई नाही. शेवटच्या आमेनमध्ये एका जागी सगळा कॉयर थांबतो आणि व्हायोलिनं एकटीच ती चाल घेऊन पुढे जातात, तिथे तो त्यांना मोकळं सोडतो, आणि मला हॅलेलुयापेक्षा आजकाल तो आमेनच जास्त ऐकावासा वाटतो. त्याला काळवेळ पण नाही, उपवासकाळातही चालतो, मी विचारून घेतलंय.

हँडल 1759 मध्ये गेला. 6 एप्रिलला कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘मेसाया’ झाला तिथे तो हजर होता, डोळे तोवर गेलेले होते, आणि 14 तारखेला सकाळी तो गेला, गुड फ्रायडेच्या दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या आदल्या दिवशी. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्या मळ्यातून आणलेल्या केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होत्या. ‘शनिवारी सकाळी?’ त्या म्हणाल्या, ‘रातीपर्यंत तरी थांबायचं ना मग.’ आणि लगेच त्यांच्या कॉयरवर आल्या, की यंदा टेनरमध्ये दोनच पोरं आहेत, एक दुबईला गेला, दुसऱ्याची बारावी, तर हॅलेलुयातल्या ‘किंग ऑफ किंग्ज’ला बायका वर सूर धरून उभ्या आणि खालून ओरडायला कुणीच नाही, कीबोर्डवाल्यालाच सांगितलंय जरा जोरात वाजव म्हणून. तुझा नवरा गातो का, असं विचारत होत्या.